चव्हाट्यावरून सभेपर्यंत

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेची स्थापना झाली, तेव्हा सभासदत्वासाठी एक अट घालण्यात आली होती. किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र ज्याच्यापाशी असेल, त्यालाच सभासद म्हणून बसण्याचा अधिकार होता. मताधिकाराचा मागमूसही नसलेल्या त्या काळात गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. सार्वजनिक प्रश्नावर बोलणारा मनुष्य कोणाच्या वतीने बोलतो, हे सांगता आले पाहिजे आणि त्या बोलण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली पाहिजे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात याच सभेच्या कार्यकर्त्यांनी सरकारी दुष्काळसंहितेचा मराठी अनुवाद गावोगाव पोहोचविला आणि पीक बुडाले असता साऱ्याची सूट मागणे ही याचना नसून हक्क आहे, हे शेतकऱ्याला समजावून सांगितले. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' तोच विषय लावून धरीत होता. वृत्तपत्राने जागे करायचे आणि सभेने अर्ज लिहून घ्यायचा, अशी ती जोडी होती. ती सरकारला इतकी झोंबली की, १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, जागे करण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, एक्स या समाजमाध्यमांनी सामान्य नागरिकाला जो आवाज दिला, तो त्याला पूर्वी कधीही लाभला नव्हता. परंतु त्या जोडीतील दुसरा घटक, म्हणजे जागे झालेल्या माणसाचे म्हणणे लिहून घेऊन ते उत्तरदायी व्यक्तीच्या टेबलावर ठेवणारी सभा, या नव्या व्यवस्थेत कोठे आहे? समाजमाध्यम हा चव्हाटा आहे. चव्हाट्यावर बोलणे होते, वाद होतो, करमणूक होते, प्रसंगी मारामारीही होते. ठराव मात्र होत नाही. लोकशाहीला चव्हाटा हवाच, पण ती चालते सभेवर. या दोहोंतील अंतर विसरले गेल्यामुळे सुशिक्षित मध्यमवर्गात एक विलक्षण भ्रम पसरला आहे. मत व्यक्त केले म्हणजे कर्तव्य पार पडले, असा हा भ्रम आहे.

आवाजाचे मोल

प्रथम या आवाजाचे मोल मान्य करावयास हवे. एके काळी नागरिकाला फार तर वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिता येत असे. ते छापायचे की केराच्या टोपलीत टाकायचे, हे दुसराच कोणीतरी ठरवीत असे. कोणते विषय राष्ट्रीय महत्त्वाचे आणि कोणते दुय्यम, याचा निवाडा राजधानीतील मोजके लोक करीत. समाजमाध्यमांनी ही मक्तेदारी मोडली. गावातील तुटलेल्या पुलाचे छायाचित्र आज त्याच दिवशी जिल्ह्याच्या मुख्यालयात पोहोचते. ज्यांची बाजू वर्षानुवर्षे कोणी ऐकून घेतली नाही, त्यांना ती स्वतःच्या शब्दांत मांडता येऊ लागली.

सत्तेला असा आवाज कधीच मानवत नाही. आणीबाणीतील प्रसिद्धिपूर्व तपासणी ज्यांनी अनुभवली आणि चोरून छापलेली पत्रके ज्यांनी घरोघर पोहोचविली, त्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ हे त्याच वृत्तीचे अलीकडचे उदाहरण होय. डिसेंबर २००८ मध्ये संसदेत फारशी चर्चा न होता संमत झालेल्या दुरुस्तीने हे कलम आले. एखादा संदेश 'अत्यंत आक्षेपार्ह' वाटला किंवा त्याने कोणाला 'त्रास' झाला, एवढ्यावरून तीन वर्षांपर्यंत कारावास देण्याची सोय त्यात होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि त्या मताला केवळ पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. बाळासाहेबांविषयी अपार आदर बाळगणाऱ्या अनेकांनाही ही कारवाई रुचली नव्हती. अखेर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या अटकेचा निषेध लाखो लोकांनी समाजमाध्यमांवर केला. कलम मात्र रद्द झाले ते न्यायालयात रीतसर दाखल झालेल्या याचिकेमुळे. निषेधाने वातावरण तयार झाले, आणि अर्जाने निकाल दिला.

एक संदेश आणि एक उत्तर

आवाजाचे रूपांतर सहभागात कसे होते आणि सहभागाचे सोंग कसे आणले जाते, या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात पाहावयाच्या असतील तर नेट न्यूट्रॅलिटीच्या वादाकडे वळावे लागेल. आंतरजालाची जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, काहींना जलद वा फुकट आणि काहींना महाग असा भेद करू नये, हे त्याचे साधे सूत्र. मार्च २०१५ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, या विषयाशी संबंधित वीस प्रश्न असलेली एक लांबलचक आणि अतिशय तांत्रिक इंग्रजी पुस्तिका काढून जनतेची मते मागविली. एरवी अशा पुस्तिकेला कंपन्यांचे वकील सोडून कोणी उत्तर देत नाही. परंतु काही तरुणांनी ती वाचून सोपी केली, समाजमाध्यमांतून पसरविली आणि उत्तर कोठे व कसे पाठवावे हे सांगितले. दहा लाखांहून अधिक ई-पत्रे प्राधिकरणाकडे गेली. एका नियामक संस्थेच्या दफ्तरात सामान्य नागरिकांचा एवढा लोंढा यापूर्वी क्वचितच गेला असेल.

पुढचा अंक याहून बोधप्रद आहे. डिसेंबर २०१५ मध्ये प्राधिकरणाने वेगवेगळ्या दरांच्या प्रश्नावर पुन्हा मते मागविली. त्या वेळी फेसबुक या अमेरिकी कंपनीला निवडक संकेतस्थळे फुकट दाखविणारी 'फ्री बेसिक्स' ही आपली योजना भारतात रुजवावयाची होती. कंपनीने स्वतःच्याच व्यासपीठावर भारतीय वापरकर्त्यांपुढे एक तयार मजकूर ठेवला आणि बटण दाबून तो प्राधिकरणाकडे पाठविण्याचे आवाहन केले. लाखो लोकांनी बटण दाबले. परंतु प्राधिकरणाने चार प्रश्न विचारले होते आणि त्या साचेबंद मजकुरात त्यांची उत्तरेच नव्हती. प्राधिकरणाने हे कंपनीला स्पष्ट शब्दांत सुनावले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घालणारा नियम जारी केला.

दोन्ही वेळा साधन तेच होते, दोन्ही वेळा संख्या लाखांत होती आणि दोन्ही वेळा तयार मसुदे फिरत होते. फरक इतकाच की, पहिल्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जात होते आणि दुसऱ्या वेळी न विचारलेल्या प्रश्नाचे. बोट दाबणाऱ्यांची गर्दी म्हणजे लोकमत नव्हे, हा निवाडा एका भारतीय संस्थेने जगातील बलाढ्य कंपनीसमोर दिला, याचा अभिमान बाळगावयास हवा. मात्र तोच निकष स्वतःच्या मोहिमांना लावण्याचे धैर्यही हवे. आपल्या पक्षाचा, आपल्या संघटनेचा वा आपल्या आवडीचा विषय दिवसभर गाजविण्यासाठी जो तयार मजकूर हजारो हातांनी चिकटविला जातो, त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते काय?

मुंबईच्या विकास आराखड्याचे उदाहरणही याच जातीचे. २०३४ पर्यंतच्या नियोजनाचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वात असलेल्या वास्तू, रस्ते आणि मोकळ्या जागा यांच्या नोंदींत ढोबळ चुका असल्याचे लोकांच्या लक्षात आले. नकाशे भ्रमणध्वनीवरून फिरू लागले. रहिवासी संघ, वास्तुरचनाकार, शाळा, मंदिरे आणि चर्च यांचे विश्वस्त असे सारेच आपापला तुकडा तपासू लागले. परंतु ते संतापाच्या चिन्हांवर थांबले नाहीत. नगररचना कायद्याने दिलेल्या मुदतीत हजारोंच्या संख्येने लेखी हरकती व सूचना दाखल झाल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने दुरुस्ती करण्याचे आदेश द्यावे लागले. 'हरकती व सूचना' हे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापले जाणारे दोन शब्द किती सामर्थ्यवान आहेत, हे त्या वर्षी मुंबईकरांना कळले.

अफवेचे बळी

चव्हाट्यावरचे बोलणे सभेपर्यंत गेले नाही तर ते नुसते विरून जाते, असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा ते नासते. १ जुलै २०१८ हा रविवारचा बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात कित्येक दिवस भ्रमणध्वनीवरून फिरत होते. हे हत्याकांड घडले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. जेथे सभा भरावयाची, त्या खोलीतच चव्हाट्याने पाच जीव घेतले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भटक्या समाजाने दारोदार देवाचे नाव पोहोचविले, त्याच्या वाट्याला हे मरण यावे, ही समस्त समाजाला मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे.

दोन वर्षेही झाली नाहीत तोच, १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची पोलिसांच्या डोळ्यांदेखत हत्या झाली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर, मुले पळविणारे आणि अवयव काढून नेणारे यांच्या अफवांनी तो परिसर भारून गेला होता. या घटनेने देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. परंतु अफवा कोणत्या बाजूची हे पाहून संताप करणाऱ्यांना या दोन घटनांचा खरा धडा समजलेला नाही. राईनपाड्याचे गोसावी आणि गडचिंचल्याचे साधू एकाच व्याधीचे बळी होते. खातरजमा न करता पुढे ढकललेला संदेश ही ती व्याधी.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. कंपनीने आपल्या यंत्राला लगाम घातला, हे ठीकच झाले. परंतु या कंपन्यांचा व्यवसाय माणसाला अधिकाधिक वेळ पडद्यासमोर खिळवून ठेवण्यावर चालतो, आणि भय व क्रोध यांच्याइतके खिळवून ठेवणारे दुसरे काही नाही. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक वापरकर्त्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरली गेल्याची शक्यता खुद्द कंपनीनेच मान्य केली. त्यांत साडेपाच लाखांहून अधिक भारतीय होते. ज्याला नागरिक स्वतःचे व्यासपीठ समजतो, तेथे तो स्वतःच विक्रीचा माल असतो, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा अखेरचा लगाम माणसाच्या विवेकाचाच. येथे एक कटू सत्य बोलावयास हवे. विरोधकाने पसरविलेले असत्य शोधून काढण्यात सुशिक्षित कुटुंबे तरबेज असतात. आपल्या श्रद्धेला अनुकूल असे असत्य मात्र त्याच घरांतून क्षणात पुढे जाते. 'खरे नसले तरी हेतू चांगला आहे' हे त्यावरचे समर्थन. सत्कार्याला असत्याची कुबडी लागते, असे मानणे हा त्या कार्याचाच अपमान होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातील विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते. नेत्याविषयीचा प्रश्न म्हणजे द्रोह आणि नेत्याची स्तुती म्हणजे सहभाग, असे समीकरण ज्या गटांत रुजले आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांनी तो इशारा पुन्हा वाचावा.

रिकाम्या खुर्च्या

आता सभेकडे पाहू. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुणे मतदारसंघात निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही. त्याच निवडणुकीत नक्षलवाद्यांच्या धमक्या आणि रानावनातील पायपीट सोसून गडचिरोली-चिमूरमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक मतदान झाले. राजकारणावर दिवसरात्र बोलणारे शहर कोणते आणि लोकशाही चालविणारा मुलूख कोणता, हे या दोन आकड्यांनी सांगून टाकले.

याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचे छोटेसे गाव. तेथे कोणताही विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो, मग ग्रामसभेत येतो आणि सर्वांचे एकमत झाल्यावरच निर्णय होतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. त्याच्या आधारे रीतसर दावा करून या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकारही मिळविला. त्यांच्यापाशी भ्रमणध्वनीवरील गट नव्हता. अभ्यास होता, सभा होती आणि चिकाटी होती.

शहरांत उलटे चित्र आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन गुंत्यात निवडणुका अडकल्या, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. राज्यातील इतर मोठ्या शहरांचीही तीच गत. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे निर्देश द्यावे लागले. या काळात अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर मुंबई-पुण्याच्या घराघरांतील गटांत घनघोर वाद झडले. पण आपल्या प्रभागाला प्रतिनिधीच नाही, याची खंत किती गटांत उमटली? शहरांतील क्षेत्रसभांची तरतूद राज्याने २००९ मध्येच कायद्यात केली. ती बहुतांशी कागदावर राहिली, आणि तिच्यासाठी कोणी हॅशटॅग चालविल्याचे स्मरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. नोकरी, प्रवास, मुलांचे शिक्षण यांत गुरफटलेल्या माणसाने सभांना जावे कधी? घराबाहेर पडणे ज्यांना अवघड आहे अशा गृहिणी, वृद्ध, दिव्यांग यांना तर समाजमाध्यम हाच एक मार्ग आहे. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर त्याच भ्रमणध्वनीत आहे. मतदारयादीत नाव नोंदविणे वा दुरुस्त करणे, माहिती अधिकाराचा अर्ज, लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ अन्वये दाखला मागणे, आचारसंहितेच्या भंगाची 'सी-व्हिजिल' उपयोजनावर छायाचित्रासह तक्रार, ही सारी कामे घरबसल्या होतात. ज्या बोटाने संदेश पुढे जातो, त्याच बोटाने अर्जही जातो. फक्त अर्जाखाली स्वतःचे नाव लिहावे लागते. परदेशी राहणाऱ्या मराठी बांधवांचीही यातून सुटका नाही. अनिवासी नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदविता येते, मत मात्र स्वतः येऊनच द्यावे लागते. कुटुंबाच्या गटावर रात्रभर केलेला वाद मतपेटीत पडत नाही.

कार्यकर्त्यापुढचे काम

गावोगाव संपर्क हीच ज्यांची पुंजी आहे, त्या कार्यकर्त्यांवर येथे विशेष दायित्व येते. दहा हजारांना संदेश पाठविणे सोपे आहे आणि दहा घरांची दारे वाजविणे अवघड. परंतु दारात उभ्या राहिलेल्या माणसाला घरातील म्हातारी प्रतिप्रश्न विचारते, नळाला पाणी नसल्याचे सुनावते, रेशनकार्डावरील चूक दाखविते. संदेशाला ती हे सुनावू शकत नाही. ज्या संघटनेला केवळ बोलण्याची सवय लागते आणि ऐकण्याची मोडते, तिची मुळे वाळू लागतात, मग तिच्या अनुयायांचा आकडा कितीही फुगलेला असो.

म्हणून प्रत्येक गटाने एक साधा नियम स्वतःला लावून घ्यावा. महिन्याकाठी आपल्या परिसरातील एकच प्रश्न निवडावा. त्याची माहिती गटातून गोळा करावी, ती खरी आहे की नाही ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि महिना संपण्यापूर्वी तिचे रूपांतर सही असलेल्या एका अर्जात, हरकतीत वा ठरावात करावे. उत्तर आले तर तेही गटात ठेवावे. न आल्यास अपिलाची तारीख ठेवावी. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती पुरते. तरीही ती अनेक गावांत होत नाही आणि सभा तहकूब करावी लागते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे दिवस त्यासाठी रूढ आहेत. त्या दिवशी तिरंग्याचे छायाचित्र लाखो भ्रमणध्वनींवरून फिरते. झेंडावंदनानंतर ग्रामसभेच्या सतरंजीवर जी माणसे बसतात, त्या तिरंग्याचे खरे राज्य तीच चालवितात. गणपूर्तीला जितकी डोकी कमी पडतात, तितकी आपल्या गटातून घेऊन जाणे, हे कार्यकर्त्याचे पहिले काम होय.